बारा माणसांची होडी

आबा,

मागच्या मंगळवारी माझं लायसन्स गेलं. होडी आहे, धक्का आहे, नदी काय कुठे जात नाही. फक्त माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायची मला आता परवानगी नाही. तुम्हाला हे सांगायचं तर आधी हेच सांगायला हवं, की मी इथे इंग्लंडात तुमचाच धंदा करतो. करत होतो. तुम्ही गेलात तेव्हा मी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो, आणि बातमी मला मिळाली तोवर तुमचं तेरावंही होऊन गेलं होतं. पुढे जहाज सोडलं. इथल्या एका बोटयार्डात जुन्या बोटींचा रंग खरवडायला लागलो. हातात पाना होता, तोंडात गोड भाषा होती आणि कान तुमचे होते. इंजिन कुठे दुखतंय ते मला ऐकून कळायचं, त्यामुळे उपाशी राहिलो नाही. मग एका म्हाताऱ्या नावाड्याने जाता जाता आपली कुजकी लाकडी बोट माझ्या गळ्यात मारली. म्हणाला, बुडाली तर मला कळवू नकोस. दोन हिवाळे खपून ती उभी केली आणि बावीस वर्षं चालवली. चार मिनिटांची खेप. अलीकडे गाव आणि स्टेशन, पलीकडे शेतं, एक चर्च, एक पब आणि वीसेक घरं. पूल आहे, पण वरच्या अंगाला चार मैलांवर, आणि बस येते तेव्हा येते.

आपल्या खाडीसारखी ही नदी नाही. हिला खारा वास नाही, आमच्या भागात भरती-ओहोटी नाही, गोऱ्या म्हातारीसारखी शिस्तीत वाहते. पहिल्या वर्षी मी नारळी पौर्णिमेला वेम्बलीच्या देशी दुकानातून नारळ आणला, हळदकुंकू लावून गुपचूप पाण्यात सोडला. दुसऱ्या दिवशी खालच्या लॉकवरचा, म्हणजे नदीचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांवरचा माणूस प्लास्टिकच्या पिशवीत तो नारळ घेऊन हजर. म्हणाला, "हा तुझाच असणार. माझ्या दरवाजात अडकला होता." मी थँक्यू म्हटलं आणि घरी येऊन त्याची चटणी केली. देवाला दिलेलं इथे परत येतं, सही करून घ्यावं लागतं, एवढाच फरक.

माणसं मात्र सगळीकडे सारखीच. एक निवृत्त मास्तरीण आहे, ऐंशीच्या पुढची, सोबत तिच्याच वयाचा वाटणारा कुत्रा. पलीकडे तिचा भाऊ एकटा राहतो. त्याला साधं अंडं उकडता येत नाही, म्हणून ही रोज सकाळी सूपचा डबा घेऊन जाते आणि दुपारी शिव्या देत परत येते. मला कॅप्टन म्हणते. "कॅप्टन, आज तुझी बोट खोकतेय." मी म्हणायचो, "बाई, ती तुमच्याच वयाची आहे." "मग तिला घरी बसव." "तुम्ही बसता का?" अशी आमची रोजची प्रार्थना.

आता होडीत माणसं घ्यायची तुमची पद्धत. ती मला या सगळ्या भानगडीत पुन्हा पुन्हा आठवते आहे. तुम्ही मागे सुकाणूपाशी बसलेले आहात, डावा हात फळीवर, मान थोडी कललेली, जणू होडी कानात काही सांगतेय. माणसं चढतात, पाट्या चढतात, एखादी शेळी चढते. फळीखाली पाणी आधी खळखळ बोलतं, मग हळूहळू त्याचा आवाज बसत जातो, आणि एका क्षणी तो असा जाड होतो, की तुमचा हात वर जातो. बास. आता पुढच्या खेपेला. मग समोर कोणी का असेना. त्या वऱ्हाडाचा दिवस आठवतो? नवरी आत बसली होती, तिचे मामा काठावर राहिले होते. चांगले पागोटंबिगोटं घातलेले, तालुक्याच्या कचेरीत कामाला. तुम्ही हात वर केलात. मामा म्हणाले, "अरे, मुहूर्त चुकेल! एका माणसाने काय होतंय?" तुम्ही फक्त वल्हं उचललंत. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, शहाणा, कॉलेजात जाणारा. मामांची बाजू घ्यायला मी होडीतली डोकी बोटाने मोठ्याने मोजायला लागलो. "आबा, सतराच आहेत, होडीवर वीस लिहिलंय!" तेव्हा तुम्ही वल्ह्याची मूठ माझ्या बोटांवर मारलीत. सगळ्या वऱ्हाडासमोर. "मोजतस कित्याक? माणसां काय कोंबडे आसत?" आणि मग खालच्या आवाजात, "आयक." बस, एवढंच. नवरीसुद्धा हसली. मामा पुढच्या खेपेला आले, मुहूर्त गाठला, जेवणात तुम्हाला शोधून लाडू वाढला. माझी बोटं दोन दिवस सुजलेली होती.

होडीत माणसं मोजू नयेत, मोजली की पाणी तो आकडा ऐकतं, असं तुम्ही मानत होतात. सरकारने होडीवर रंगवलेला तो वीसचा आकडा तुम्ही दर पावसाळ्यानंतर डांबराखाली घालत होतात आणि तालुक्याचा माणूस दर वर्षी येऊन पुन्हा रंगवत होता. भांडण नव्हतं. तो रंगवायचा, तुम्ही त्याला चहा पाजायचात.

इथे डांबर चालत नाही. इथे नियम असा, की बारापर्यंत माणसं नेणारी होडी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, साध्या लायसन्सवर चालते. तेरावं माणूस पाय ठेवतं त्या क्षणी कायद्याने ती होडी राहत नाही, प्रवासी जहाज होते, आणि जहाजाला वेगळं सर्टिफिकेट लागतं, पाणी अडवणाऱ्या भिंती लागतात, दोन खलाशी लागतात. माझ्या होडीत भिंती घातल्या तर माणसांना बसायला जागा उरायची नाही. म्हणून बारा. आणि प्रत्येक खेपेला सुटण्याआधी माणसं मोजून वहीत आकडा लिहायचा. बावीस वर्षं मी त्या वह्या भरल्या.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी धक्क्यावर एक घोळका आला. जवळच्या ब्रॅकनेल गावची मंडळी, सगळी कंप्युटरमधली, पलीकडच्या कुरणात पिकनिकला निघालेली. हातात डबे, चटया, बॅडमिंटनच्या रॅकेटी. मी दोर धरून उभा. एक बाई दुसरीला म्हणते, "बोटवाले काका अगदी आपल्याकडचे वाटतात गं." मी म्हटलं, "आपल्याकडचाच आहे, सावकाश चढा, फळी ओली आहे." मग काय विचारता! "अय्या, काका मराठी?" "काका, कुठले तुम्ही?" "काका, तुम्हाला इथे वडे मिळतात का?" धक्क्यावरची बाराची पाटी वाचून एक पुण्याचा उंच मुलगा म्हणाला, "काका, एकाच खेपेत घ्या ना सगळ्यांना. दोघं मागे राहिले तर बटाटेवडे त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत." मी म्हटलं, "नियम आहे बाबा." "अहो, ॲडजस्ट करा ना काका. आम्ही सगळे डाएटवर आहोत, वजन नाहीच कुणाचं." सगळे हसले. मीही हसलो. आणि घेतलं सगळ्यांना.

पलीकडच्या काठावर कौन्सिलचा माणूस बाकावर बसून सँडविच खात होता. तपासणीला आला होता, मुद्दाम माझ्यासाठी नव्हे. काठाच्या पायऱ्या बघायला. माणसं उतरायला लागली तसं त्याने सँडविच कागदात गुंडाळलं आणि उभा राहिला. मला म्हणाला, "किती आणलेस?" मी म्हटलं, "सगळ्यांना आणलं." तो हसला नाही. त्याने चौदा लिहिले. माझ्या वहीत त्या खेपेला बारा लिहिले होते.

कौन्सिलने लायसन्स काढून घ्यायची नोटीस दिली, मी कोर्टात गेलो. वकीलबाई आपल्याच. आजोबा साताऱ्याहून आलेले, ही इथेच जन्मलेली, वय माझ्या पोरीएवढं. इंग्रजीत बोलली की खोली गप्प होते, आणि मराठीत बोलली की माझ्या पोटात माया येते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, मला एक जुना केस सापडला. तुमचा बोटसारखाच बोट." आणि तिने जाड पुस्तकाच्या फोटोकॉप्या माझ्यापुढे टाकल्या. दीडएकशे वर्षांपूर्वीचा खटला, राणीच्या काळातला. याच परगण्यातला एक नावाडी, त्याची वाफेवरची छोटी लाँच. तेव्हा सरकारने नवा कायदा केला होता, ठरलेल्या आकड्याच्या वर माणसं नेणाऱ्या प्रत्येक वाफेच्या बोटीने तपासणी करून सर्टिफिकेट घ्यायचं. हा घेईना. दंड झाला तर भरेना. म्हणे, कायदा समुद्रात सफर करणाऱ्या जहाजांसाठी आहे; मी कुठे सफर करतो? मी लोकांना या काठावरून त्या काठावर नेतो, माझा बाप नेत होता, आजा नेत होता. खालच्या कोर्टात हरला, वर गेला, आणि आबा, वरच्या कोर्टात जिंकला. न्यायाधीश म्हणाले, खरं आहे, काठापासून काठापर्यंत जाणं ही सफर नव्हे, जहाजांचा कायदा याला लागू नाही.

"बघा," वकीलबाई म्हणाली, "तुम्ही पण सफर नाही करत. मग तेरावा माणूस चढला तरी तुमचा बोट जहाज नाही होत. फक्त एक चूक झाला, एका रविवारी. वॉर्निंग मिळेल, लायसन्स राहील." मी त्या पानांवरून हात फिरवला. मी विचारलं, "त्याचं पुढे काय झालं? चालली का लाँच?" ती म्हणाली, "ते बुकमध्ये नाही, काका. बुकमध्ये फक्त लॉ असतो." मग चष्मा काढून म्हणाली, "आणि तुम्ही कोर्टात एक पण जास्त शब्द बोलायचा नाही. विचारलं, माहीत होतं का चौदा आहेत? सांगायचं, हो, माहीत होतं, चुकलो, सॉरी. बास. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं.

छोटंसं कोर्ट आहे, आपल्या तालुक्याच्या शाळेएवढंही नाही. समोर न्याय देणारे तिघं, मधे एक करड्या केसांच्या बाई. मागच्या बाकावर मास्तरीणबाई कुत्र्याशिवाय, त्यामुळे अर्धीच वाटत होती. शेजारी तुमची सून, डबा घेऊन. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण तुमचं तिचं पटलं असतं, दोघंही कमी बोलून जास्त मारता. गीतेवर हात ठेवून मी शपथ घेतली. आमच्या वकीलबाईने तो जुना खटला असा मांडला, की मला तो नावाडी त्या खोलीत उभा दिसायला लागला, धुराने काळी झालेली टोपी हातात धरलेला. मधल्या बाई मान डोलावत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

मग कौन्सिलचा वकील उठला. सभ्य माणूस, आवाज मऊ. त्याने विचारलं, "त्या दिवशी धक्का सोडताना बोटीत किती माणसं आहेत हे तुम्हाला माहीत होतं का?"

हो, माहीत होतं, चुकलो, सॉरी. सहा शब्द सुद्धा नाहीत. पण त्या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला सगळ्यांसमोर नियम मोडणारा लुच्चा माणूस व्हायचं नव्हतं. मी म्हटलं, "सर, माझा बाप नावाडी होता. त्याने मला शिकवलं, होडीत माणसं मोजायची नाहीत. पाणी ऐकायचं. होडी भरली की पाण्याचा आवाज बदलतो. मी ऐकतो." मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मास्तरीणबाईने नाक पुसलं. मला फार बरं वाटलं, आबा. तुम्ही इंग्लंडच्या कोर्टात आलात असं वाटलं.

वकील आणखी मऊ झाला. "म्हणजे तुम्ही कधीच मोजत नाही?"

"कधीच नाही."

"बावीस वर्षांत?"

"एकदाही नाही."

"मग या वह्यांमधले आकडे?" त्याने माझ्या वह्यांचा गठ्ठा उचलला. "प्रत्येक खेपेला एक आकडा आहे. हा कुठून आला?"

मी म्हटलं, "अंदाजाने. कानाने." मागे कोणीतरी हसलं. आमची वकीलबाई हसली नाही. तिने डोळे मिटून घेतले होते.

मग त्याने आमच्याच जुन्या खटल्याचं शेवटचं पान उघडलं. आमच्या वकीलबाईने ते पान वाचलं होतं, पण कोणी तिथवर जाणार नाही अशी आशा धरली होती. तिथे त्या न्यायाधीशाने नावाड्याला जिंकवून झाल्यावर आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती: जहाजांचा कायदा याला लागू नसला, तरी जो दुसऱ्यांचे जीव पाण्यावरून नेतो त्याला निदान किती जीव नेले हे सांगता यायला हवं, आणि तसा नियम स्थानिक लोकांनी केला तर तो योग्यच. वकील एवढंच वाचून खाली बसला. एका रविवारची चूक बावीस वर्षांची झाली होती, आणि ती मीच शपथेवर तशी करून ठेवली होती. मधल्या बाई निकाल सांगताना माझ्याकडे चांगल्या नजरेने बघत होत्या. म्हणाल्या, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण तुमचा कान आम्हाला तपासता येत नाही. उद्या तुमच्या जागी दुसरा येईल, त्याचा कान कसा असेल?

बाहेर आल्यावर तुमची सून म्हणाली, "तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी म्हटलं, "आबांची आठवण आली." ती म्हणाली, "कोर्टातच यायची होती?" मग तिने डबा उघडला आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या आम्ही पोळी-भाजी खाल्ली, कारण दुसरं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं.

आता सकाळी मी सवयीने धक्क्यावर जातो. होडीला कुलूप आहे, ते मीच लावलंय. मास्तरीणबाई सूपचा डबा घेऊन येते, दोन मिनिटं उभी राहते, मग बसस्टॉपकडे वळते. भावाला आता सूप दुपारी तीनला मिळतं, गार. तिने सह्या गोळा केल्या, कौन्सिलला पत्र लिहिलं, त्यात माझ्या कानांबद्दल एक सबंध परिच्छेद आहे. काल म्हणाली, "कॅप्टन, तुझ्या वडिलांनी मला पलीकडे नेलं असतं." मी म्हटलं, "हो." पोरगी फोनवर म्हणते, "बाबा, होडी विका, एडिनबराला आमच्याकडे या." तिकडे मी काय करणार? खिडकीतून पाऊस बघणार.

वर दाद मागायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. वकीलबाई घरी येऊन बसली होती, रागावलेली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "काका, तेच तेच सांगून वरचा कोर्ट नाही ऐकणार. काही नवीन पाहिजे. तुम्ही काही सांगायचा राहिला आहे का? काही पण?" तुमची सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "नाही." मग वकीलबाईने आपल्या त्या फोटोकॉप्या गोळा केल्या आणि गेली.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय, आणि लिहून खणात ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत कुठलं पोस्ट जातं? सांगायचं राहिलं आहे. मी मोजतो, आबा. पहिल्या दिवसापासून मोजतो, ओठ न हलवता, प्रत्येक खेपेला. बाराच्या आत राहायचं तर मोजावं लागतं, आणि मी काही वेडा नाही. वह्यांतला प्रत्येक आकडा खरा आहे, तेवढा एक सोडून. त्या रविवारी बारावा चढला तेव्हा मी मनात बारा म्हटलं, मग तेरा म्हटलं, मग चौदा म्हटलं, आणि दोर सोडला. आता हे वर जाऊन सांगितलं तर मी शपथेवर खोटं बोललो हे सिद्ध होतं. नाही सांगितलं तर बावीस वर्षं बेफिकीर होतो हे सिद्ध झालेलंच आहे. यातून बाहेर कसं पडायचं ते मला दिसत नाही. आणि मोजल्याबद्दल तुम्ही पुन्हा बोटांवर मारलंत तरी चालेल. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. त्या दिवशी होडी भरत होती तेव्हा फळीखाली पाणी कसं वाजत होतं, ते मला सांगता येणार नाही. मी ते ऐकलंच नाही. इतक्या वर्षांनी चौदा माणसं एकदम मला काका म्हणत होती, मी ते ऐकत होतो.